तोल, सांधा आणि इजा : नांदेड-लातूर परिसरातील क्रीडाप्रशिक्षण व क्रीडासंशोधन यांची चिकित्सा

बीजशब्द : स्वस्थितिबोध, तोल-प्रशिक्षण, घोटा, गुडघा, कुस्ती, खो-खो, संशोधनपद्धती

प्रस्तावना

शारीरिक शिक्षण या विषयातील निबंधांत गेल्या काही वर्षांत 'प्रोप्रिओसेप्टिव्ह प्रशिक्षण' ही संज्ञा चांगलीच रुळली आहे. एम. फिल. आणि पीएच. डी.च्या प्रबंधांची शीर्षके, परिसंवादांतील शोधनिबंध आणि महाविद्यालयीन नियतकालिके यांतून ती वारंवार भेटते. तिच्यामागोमाग दोन शब्दप्रयोग ठरल्याप्रमाणे येतात : 'सांध्यांची स्थिरता' आणि 'इजा प्रतिबंध'. या तीन शब्दांची एक साखळी तयार झाली असून ती स्वयंसिद्ध मानली जाते. तोलाचे व्यायाम केले की सांध्यातील संवेदना सुधारते, संवेदना सुधारली की सांधा स्थिर होतो आणि सांधा स्थिर झाला की इजा टळते, अशी ही मांडणी आहे. प्रस्तुत लेखात या साखळीची प्रत्येक कडी तपासण्याचा प्रयत्न केला आहे. तपासणीचा संदर्भ नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतील मैदानांचा, तालमींचा आणि महाविद्यालयांचा आहे.

हा संदर्भ निवडण्याचे कारण केवळ भौगोलिक नाही. या भागात सांध्याची इजा हा उपजीविकेचा प्रश्न आहे. शासकीय सेवेत खेळाडूंसाठी असलेले पाच टक्के आरक्षण आणि पोलीस भरतीतील १६०० मीटर धावण्याची चाचणी या दोन दारांकडे डोळे लावून पहाटे रस्त्याकडेला धावणारी मुले-मुली दोन्ही जिल्ह्यांत पाहायला मिळतात. शेतकरी कुटुंबातील अशा मुलाचा घोटा भरतीच्या तोंडावर मुरगळला तर त्याचे वर्ष जाते आणि कधीकधी वयाची मर्यादाही ओलांडली जाते. अशा परिस्थितीत 'इजा प्रतिबंध' हा शब्द शीर्षकात वापरणाऱ्याने त्याची जबाबदारीही घेतली पाहिजे.

संज्ञेचा गोंधळ

मराठी निबंधांत प्रोप्रिओसेप्शन या शब्दाचे भाषांतर बहुधा 'संतुलन' किंवा 'तोल' असे केले जाते. येथेच पहिली चूक होते. इंग्रज शरीरशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये ही संज्ञा रूढ केली, तेव्हा त्यांच्या मनात शरीराने स्वतःच्याच अवयवांविषयी मिळवलेली माहिती होती. डोळे मिटलेले असताना हात डोक्यावर आहे की मांडीवर, गुडघा किती वाकलेला आहे, पाऊल आत वळले आहे की बाहेर, हे माणसाला न पाहता कळते. या जाणिवेला 'स्वस्थितिबोध' म्हणणे अधिक योग्य ठरेल. तोल हा त्या बोधाचा समानार्थी शब्द नव्हे. डोळे, आंतरकर्णातील यंत्रणा आणि स्नायू-सांधे-त्वचा यांतून येणारी संवेदना अशा तीन वाटांनी आलेल्या माहितीची मेंदूत सांगड घातली जाते. तिला स्नायूंची ताकद आणि सराव यांची जोड मिळते, तेव्हा तोल साधतो. म्हणजे तोल हे फलित आहे आणि स्वस्थितिबोध हा त्यातील एक घटक.

हा फरक शब्दच्छल वाटण्याचा संभव आहे. परंतु अंधारात शेताच्या बांधावरून चालणाऱ्या माणसाचा विचार केला तर तो लगेच ध्यानात येतो. दिवसा त्याच बांधावरून तो गप्पा मारत जातो; रात्री मात्र पाऊल चाचपून टाकतो. त्याचे सांधे तेच, स्नायू तेच. फक्त डोळ्यांची मदत गेलेली असते आणि सर्व भार तळपाय व घोट्याच्या संवेदनेवर येतो. एकोणिसाव्या शतकातील जर्मन वैद्य मॉरित्झ रॉम्बर्ग यांच्या नावाने ओळखली जाणारी, पाय जुळवून व डोळे मिटून उभे राहण्याची चाचणी याच तत्त्वावर आधारलेली आहे.

संज्ञेतील गोंधळ पुढे पद्धतीत उतरतो. स्वस्थितिबोध मोजायचा असेल तर सांधा एका विशिष्ट कोनात नेऊन परत आणावा लागतो, खेळाडूला डोळे मिटून तोच कोन पुन्हा साधायला सांगावे लागते आणि चूक किती अंशांची झाली हे नोंदवावे लागते. प्रत्यक्षात शीर्षकात 'प्रोप्रिओसेप्शन' असते आणि आत एका पायाच्या चवड्यावर उभे राहण्याची स्टॉर्क चाचणी असते. ही चाचणी स्वस्त आहे, स्टॉपवॉचशिवाय तिला काही लागत नाही आणि ती वर्गात घेता येते. तिच्याविषयी तक्रार नाही. पण ती स्थिर तोलाची चाचणी आहे. तिच्यावरून घोट्याच्या संवेदनेविषयी निष्कर्ष काढणे म्हणजे तराजूवर ठेवलेल्या पिशवीच्या वजनावरून आतील गव्हाची जात सांगण्यासारखे आहे.

१९६५ मध्ये थांबलेला सिद्धांत

तोल-प्रशिक्षणाच्या समर्थनार्थ दिला जाणारा सैद्धांतिक आधार बहुतेक वेळा ब्रिटिश अस्थिशल्यविशारद एम. ए. आर. फ्रीमन यांच्या १९६५ मधील मांडणीपाशी पोहोचतो. एकदा मुरगळलेला घोटा पुढेही वारंवार दगा का देतो, हा फ्रीमन यांचा प्रश्न होता. अस्थिबंध ताणला किंवा फाटला जातो तेव्हा त्यातील संवेदनाग्राहकेही निकामी होतात, म्हणून सांध्याची खबर मेंदूपर्यंत नीट पोहोचत नाही, असे उत्तर त्यांनी सुचवले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांना डगमगणाऱ्या फळीवर उभे केले आणि त्यांच्या तक्रारी कमी झाल्याचे नोंदवले. आज प्रत्येक भौतिकोपचार केंद्रात दिसणाऱ्या तोलफळीचा वंश येथवर जातो.

फ्रीमन यांचे निरीक्षण मोलाचे होते; मात्र त्यांचे स्पष्टीकरण पुढे टिकले नाही. १९७२ मध्ये गुडविन, मॅक्लोस्की आणि मॅथ्यूज यांनी स्नायूच्या कंडऱ्यावर कंपने देऊन दाखवले, की हात जागेवर स्थिर असतानाही तो हलत असल्याचा भास माणसाला होतो. याचा अर्थ, स्थितीची जाणीव मुख्यतः स्नायूंतील ताण टिपणाऱ्या, तर्कूच्या आकाराच्या ग्राहकांतून येते. पाठोपाठ १९७३ मध्ये ग्रिग आणि सहकाऱ्यांनी नितंबाचा सांधा पूर्ण बदललेल्या रुग्णांची तपासणी केली. त्यांच्या सांध्याभोवतीचे आवरण काढून टाकलेले होते, तरीही पाय कोणत्या स्थितीत आहे हे त्यांना बऱ्याच अंशी कळत होते. अस्थिबंधातील ग्राहके निरुपयोगी आहेत असे यावरून ठरत नाही. सांधा शेवटच्या टोकापर्यंत ताणला जातो तेव्हा ती इशारा देतात. परंतु 'फळीवर उभे राहिल्याने अस्थिबंधातील ग्राहके बळकट होतात' हे क्रमिक पुस्तकांतले व प्रबंधांतले वाक्य अर्धशतकापूर्वीच जुने झाले आहे. २००१ मध्ये अमेरिकेतील अॅश्टन-मिलर आणि सहकाऱ्यांनी एका लेखात थेट प्रश्न विचारला होता : व्यायामाने स्वस्थितिबोध खरोखर सुधारतो काय? खेळाडू फळीवर अधिक वेळ उभा राहू लागला तर त्याची संवेदना तीक्ष्ण झाली, की तो त्या संवेदनेकडे अधिक लक्ष देऊ लागला, की फळीवर उभे राहण्याचे एक नवे कौशल्य तो शिकला, हे वेगळे काढणे कठीण आहे, अशी त्यांची भूमिका होती. हा प्रश्न आपल्याकडील निबंधांत क्वचितच उपस्थित होतो.

चाळीस मिलिसेकंदांचा प्रश्न

साखळीची दुसरी कडी म्हणजे संवेदना सुधारली की सांधा वेळीच सावरला जातो. ती तपासताना वेळेचा हिशेब करावा लागतो. पाऊल अचानक आत वळले तर नडगीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू प्रतिक्षिप्त क्रियेने आकुंचन पावण्यास सुरुवात होण्यास साधारणपणे ५० ते ९० मिलिसेकंद लागतात. आकुंचन सुरू झाल्यानंतर सांध्याला धरून ठेवण्याइतका जोर निर्माण होण्यास आणखी वेळ जातो. दुसरीकडे, गुडघ्यातील पुढचा क्रूसाकृती अस्थिबंध, म्हणजे खेळाडूंच्या बोलीतला 'एसीएल', किती वेळात तुटतो याचा अभ्यास कोगा आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केला. हँडबॉल आणि बास्केटबॉलमधील महिला खेळाडूंना झालेल्या दहा इजांचे चित्रीकरण त्यांनी अनेक कोनांतून तपासले. पाय जमिनीला टेकल्यापासून सुमारे ४० मिलिसेकंदांत अस्थिबंधाला इजा होत असावी, असा त्यांचा अंदाज आहे.

या दोन आकड्यांचा अर्थ उघड आहे. गुडघ्याची वार्ता मज्जारज्जूपर्यंत जाऊन उत्तर परत येण्याआधीच घात झालेला असतो. संवेदना कितीही तीक्ष्ण असली तरी ती येथे उशिरा पोहोचते. मग तोल-प्रशिक्षणाने इजा कमी होत असतील तर त्या कशामुळे? संभाव्य उत्तर असे, की सरावाने खेळाडू पाय टेकण्यापूर्वीच सिद्ध असतो. गुडघा किंचित वाकलेला, पावलाच्या रेषेत, मांडीमागचे स्नायू आधीच ताणलेले आणि धड पायांवर सावरलेले अशी तयारी उडी हवेत असतानाच झालेली असते. तालमीत वस्ताद पठ्ठ्याला सांगतो, की समोरच्याचा हात पटापर्यंत येऊ देऊच नको. आल्यावर पाय मागे घेशील तर उशीर झालेला असेल. शरीरशास्त्र येथे वस्तादाच्याच बाजूचे आहे. प्रशिक्षणाचा भर एका जागी डगमगत उभे राहण्यावर असावा की उडी, वळण आणि थांबणे यांच्या रीतीवर असावा, हा व्यवहारातील निर्णय या विवेचनावर अवलंबून आहे. खो-खोतील धावणारी खांबाला वळसा घालते किंवा पाठलाग करणारी सूर मारते, तेव्हा तिला उपयोगी पडणारी तयारी दुसऱ्या प्रकारची असते.

प्रयोगांचे वाचन

सिद्धांत डळमळीत असला तरी उपाय लागू पडू शकतो. म्हणून प्रत्यक्ष इजा मोजणारे प्रयोग पाहणे आवश्यक आहे. असे प्रयोग युरोप-अमेरिकेत बरेच झाले असून त्यांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात मॅकगाइन आणि कीन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शालेय फुटबॉल व बास्केटबॉलचे ७६५ खेळाडू होते. तोलाचे व्यायाम करणाऱ्या गटात ६.१ टक्के, तर न करणाऱ्या गटात ९.९ टक्के खेळाडूंचे घोटे मुरगळले. नेदरलँड्समध्ये फेरहागेन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ११६ व्हॉलीबॉल संघांचा अभ्यास मांडला. तेथे फळीवरील सरावाचा लाभ मुख्यतः पूर्वी घोटा मुरगळलेल्या खेळाडूंना झाला. याच अभ्यासातील दुसरी नोंद आपल्याकडे उद्धृत होत नाही : ज्यांना पूर्वी गुडघ्याची इजा झालेली होती, त्यांच्यात अतिवापरामुळे होणाऱ्या गुडघेदुखीचे प्रमाण वाढले.

गुडघ्याच्या बाबतीत चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. १९९६ मध्ये इटलीतील काराफ्फा आणि सहकाऱ्यांनी ६०० फुटबॉलपटूंचा तीन हंगामांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तोलफळीवर सराव करणाऱ्या गटात एसीएलच्या १० इजा झाल्या, सराव न करणाऱ्या गटात ७०. हा आकडा इतका आकर्षक आहे, की तोल-प्रशिक्षणावरील कोणताही निबंध त्याच्याशिवाय पूर्ण होत नाही. परंतु त्यात गटांची विभागणी यादृच्छिक पद्धतीने झालेली नव्हती, हे सहसा सांगितले जात नाही. स्वीडनमध्ये सॉडरमन आणि सहकाऱ्यांनी महिला फुटबॉल संघांची यादृच्छिक विभागणी करून २००० मध्ये आपला अभ्यास मांडला, तेव्हा फळीवरील सरावाने पायांच्या इजा कमी झाल्या नाहीत; उलट एसीएलच्या पाच इजांपैकी चार सराव करणाऱ्या गटात होत्या. पाच हा आकडा लहान आहे आणि त्यावरून फळी घातक ठरत नाही. तरीसुद्धा एका अभ्यासातील सत्तर-दहाचा दाखला द्यायचा आणि दुसऱ्यातील पाचांतील चारांविषयी मौन पाळायचे, हे संशोधकाला शोभणारे नाही.

त्यानंतरच्या अभ्यासांत फळी एकटी राहिलेली नाही. नॉर्वेतील महिला हँडबॉलमध्ये मिक्लेबुस्ट आणि सहकाऱ्यांनी तोलासोबत पाय टेकण्याची व वळण्याची रीत शिकवली. आधीच्या हंगामात २९ असलेल्या एसीएल इजा पुढील दोन हंगामांत २३ आणि १७ झाल्या. मात्र ठरलेली सत्रे नियमाने पूर्ण करणारे संघ थोडेच होते. २००८ मध्ये सॉलिगार्ड आणि सहकाऱ्यांनी नॉर्वेतील सुमारे १९०० फुटबॉलपटू मुलींवर केलेल्या अभ्यासात धावणे, ताकद, उड्या आणि तोल यांचा एकत्रित वीस मिनिटांचा उपक्रम वापरला. त्यात खेळाडूंना होणाऱ्या एकूण इजा जवळजवळ एकतृतीयांशाने कमी झाल्याचे आढळले. यश मिळाले ते मिश्र उपक्रमाला. त्यातील तोलाचा वाटा किती, हे वेगळे सांगता येत नाही. यावरून इतके म्हणता येते, की पूर्वी मुरगळलेल्या घोट्यासाठी तोलाच्या व्यायामाचा आधार भक्कम आहे. न मुरगळलेल्या घोट्यासाठी तो त्याहून कमी आहे आणि गुडघ्यासाठी निव्वळ फळी पुरेशी असल्याचा पुरावा नाही.

चाळीस खेळाडू, सहा आठवडे

आता आपल्याकडील निबंधाचा साचा पाहू. एका महाविद्यालयातील चाळीस खेळाडू निवडले जातात. वीस प्रायोगिक गटात, वीस नियंत्रित गटात. सहा किंवा आठ आठवडे प्रशिक्षण दिले जाते. पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी घेतली जाते, मध्यमान व प्रमाण विचलन काढले जाते, 'टी' मूल्य ०.०५ स्तरावर सार्थ ठरते आणि शून्य परिकल्पनेचा त्याग केला जातो. शेवटी वाक्य येते, की प्रस्तुत प्रशिक्षणामुळे खेळाडूंच्या सांध्यांची स्थिरता वाढून इजांना प्रतिबंध होतो. या साच्यात वावगे असे एकच आहे, पण ते मूलभूत आहे : संपूर्ण अभ्यासात एकही इजा मोजलेली नसते.

मोजली असती तरी काही हाती लागले नसते. विस्कॉन्सिनच्या अभ्यासातील प्रमाण येथे लावून पाहता येईल. वीस खेळाडूंच्या नियंत्रित गटात संपूर्ण हंगामात साधारण दोन घोटे मुरगळतील आणि प्रायोगिक गटात साधारण एक. दोन आणि एक यांतील फरक प्रशिक्षणामुळे पडला की मैदानातल्या एका खड्ड्यामुळे, हे कोणतेही 'टी' मूल्य सांगू शकणार नाही. त्याच आकड्यांवरून असेही निघते, की एक मुरगळ टाळण्यासाठी साधारण सत्तावीस खेळाडूंनी हंगामभर व्यायाम करावा लागतो. खर्चाच्या दृष्टीने हे उत्तम आहे. पण हा लाभ दिसण्यासाठी शेकडो खेळाडूंची नोंद हवी. आणि अवधी सहा आठवड्यांचा नको, किमान पूर्ण हंगामाचा हवा.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. प्रायोगिक गट सहा आठवडे एका पायावर उभा राहण्याचा सराव करतो आणि उत्तरचाचणीत त्याला एका पायावरच उभे केले जाते. त्याने प्रगती केली नसती तरच नवल. जर्मनीतील क्यूमेल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा निरोगी व्यक्तींत तोल-प्रशिक्षणाचा लाभ सराव केलेल्या कृतीपुरता ठळक असतो आणि सराव न केलेल्या तोलाच्या कृतींत फारसा उतरत नाही, असे आढळले. प्रश्नपत्रिका आधीच वाटून घेतलेल्या परीक्षेसारखा हा प्रकार आहे.

लातूरच्या संदर्भात ही तुलना थोडी बोचरी ठरते. ज्या शहराने 'लातूर पॅटर्न' या नावाने परीक्षेच्या तयारीची शिस्त महाराष्ट्राला दाखवली, जेथे विद्यार्थ्याच्या प्रत्येक सराव परीक्षेतील गुण तक्त्यात नोंदवले जातात, तेथील मैदानावर एका वर्षात किती गुडघे दुखावले याची वही सहसा सापडत नाही. ही उणीव लातूरपुरती नाही. महाविद्यालयीन क्रीडा विभागात पदकांची नोंद असते, प्रवासभत्त्याची असते, साहित्याच्या साठ्याचीही असते. जखमी खेळाडू मात्र घरी जातो आणि पुढील वर्षी संघाच्या यादीत त्याचे नाव नसते, एवढीच त्याच्या इजेची नोंद राहते.

'आपल्याकडे हे होतेच'

परदेशी प्रयोगांच्या चर्चेला परिसंवादांत हमखास मिळणारे उत्तर म्हणजे आपल्या परंपरेत हे सगळे पूर्वीपासून होते. या उत्तराची टिंगल करण्याचे कारण नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने रचलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख आढळतो; ही कल्याणी म्हणजे लातूरच्या सीमेलगतच्या बिदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाला नवे रूप दिले. बडोद्याहून दत्तात्रेय चिंतामण करंदीकर ऊर्फ मुजुमदार यांनी संपादित केलेला 'व्यायाम ज्ञानकोश' १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांत प्रसिद्ध झाला. मराठीत एवढ्या व्याप्तीचे काम या विषयात उभे राहिले, ही अभिमानाचीच बाब आहे. लंगडीसारखा खेळ तर एका पायावरील उड्या, थांबणे आणि दिशा बदलणे यांवरच बेतलेला आहे. आज क्रीडावैद्यक ज्याला एकपादी उडी-चाचणी म्हणते, ती येथील मुली अंगणात खेळत आल्या आहेत.

कुस्तीचे उदाहरण अधिक बोलके आहे. एकेरी पट लागलेला मल्ल उरलेल्या एका पायावर नाचत प्रतिस्पर्ध्याचा जोर पेलतो. तोलाची याहून कठोर कसोटी प्रयोगशाळेत उभी करता येणार नाही. लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७० च्या एडिंबरो राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. जिल्ह्याची ही परंपरा पुढे काका पवार यांनी चालवली. जानेवारी २०२० मध्ये पुण्यात झालेल्या महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत समोरासमोर आलेले लातूरचे शैलेश शेळके आणि विजेते ठरलेले हर्षवर्धन सदगीर हे दोघेही त्यांचेच पठ्ठे होते.

परंतु परंपरेचा हा दाखला पुरावा म्हणून मांडला की दोन अडचणी येतात. पहिली अशी, की तालमीतून पुढे आलेले मल्ल आपल्याला दिसतात. गुडघा गेल्यामुळे गावी परतलेले दिसत नाहीत. उरलेल्यांच्या मजबुतीवरून पद्धतीची सुरक्षितता ठरत नाही. दुसरी अडचण पृष्ठभागाची आहे. तालमीतील हौद खोदून भुसभुशीत केलेल्या मातीचा असतो. त्या मातीत पाऊल रुतते आणि सरकतेही. गादीवर बुटाचा तळ पकड घेतो. पाऊल जागीच राहिले आणि धड वळले तर पीळ गुडघ्यावर येतो. महाराष्ट्र केसरी स्पर्धेत आजही माती आणि गादी असे दोन विभाग आहेत आणि दोन्हींचे विजेते अंतिम लढतीत भेटतात; आंतरमहाविद्यालयीन व आंतरविद्यापीठ कुस्ती मात्र गादीवर होते. गावी मातीत वाढलेला आणि निवड चाचणीच्या आधी आठ दिवस गादीवर उतरलेला मुलगा दोन निराळ्या जमिनींवर एकाच सवयीने पाय टाकतो. कबड्डीतही मातीकडून मॅटकडे असाच बदल झाला आहे. घोटा पकडीत सापडलेल्या चढाईपटूचा दुसरा पाय मातीत घसरला असता, तो मॅटवर अडकतो. तोलाची परंपरा आणि तोलाची आजची गरज यांच्यामधील ही फट तपासण्याजोगी आहे. स्थानिक संशोधकाला एवढा समृद्ध प्रश्न दारात उपलब्ध असताना तो परदेशी फळी आणि स्टॉर्क चाचणी यांच्यात का अडकून पडतो, हे कोडे आहे.

जमिनीचा विचार मैदानी खेळांनाही लागू होतो. मराठवाड्यातील काळी माती पावसाळ्यात चिकट होते आणि उन्हाळ्यात भेगाळते; म्हणून मैदानावर मुरूम पसरून तो दाबला जातो. पावसाने तो वाहून गेला की वर खडी आणि खाली खळगे उरतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचा हंगाम पावसाळा सरता सरता सुरू होतो. अशा मैदानावर घोटा मुरगळणे हा खेळाडूच्या स्वस्थितिबोधाचा दोष मानायचा की रोलर न फिरवण्याचा? इजेचे सर्व कारण खेळाडूच्या शरीरात शोधणारे संशोधन व्यवस्थापनाच्या सोयीचे असते, एवढे येथे नोंदवणे पुरे.

मैदानावर काय शक्य आहे

वरील टीकेचा रोख तोल-प्रशिक्षण सोडून देण्याकडे नाही. विस्कॉन्सिनमधील उपक्रम हंगामापूर्वी आठवड्यातून पाच दिवस आणि हंगामात तीन दिवस, दर वेळी दहा मिनिटे, असा होता. त्याला महाग साधन लागत नाही. एका पायावर उभे राहणे, मग डोळे मिटून उभे राहणे, मग उभ्याने चेंडू झेलणे, नंतर एका पायावर उडी मारून जागच्या जागी थिजणे, हा क्रम कोणत्याही प्रार्थना-मैदानावर बसवता येतो. फळी हवीच असेल तर गावचा सुतार अर्धगोल लाकडावर ती ठोकून देतो. ज्यांचा घोटा गेल्या वर्षभरात मुरगळला आहे त्यांच्यापासून सुरुवात केल्यास लाभ सर्वाधिक मिळेल; सूज उतरली की 'चालून बघ, बरा झालास' म्हणून अशाच खेळाडूला संघात परत घेतले जाते, ही नित्याची चूक आहे. मुलींच्या खो-खो आणि कबड्डी संघांत मात्र फळीपेक्षा उडीनंतर पाय टेकण्याची रीत आधी शिकवावी. दिशाबदल आणि उडी असलेल्या खेळांत एसीएल तुटण्याचा धोका मुलींना मुलांच्या तुलनेत दुपटीहून अधिक असल्याचे अनेक देशांतील नोंदींवरून दिसले आहे.

संशोधनाच्या बाजूने पाहता एकट्या महाविद्यालयाने करण्यासारखे काम थोडे आहे. परंतु १९९४ मध्ये स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे येतात आणि संलग्न महाविद्यालयांचे संघ दर हंगामात एकमेकांशी खेळतात. नोंदीची पद्धत समान ठेवली तर खेळाडूंची संख्या एका हंगामातच पुरेशी होऊ शकते. त्यासाठी प्रबंधाची गरज नाही. शारीरिक शिक्षण संचालकांकडे एक वही असावी आणि तिच्यात सहा रकाने असावेत : तारीख, खेळ, कोणता सांधा, धडकेने की धडकेविना, माती की मॅट की मुरूम, आणि खेळाडू किती दिवस मैदानाबाहेर राहिला. निम्म्या महाविद्यालयांनी सोडत काढून दहा मिनिटांचा उपक्रम सुरू करावा, उरलेल्यांनी पुढील वर्षी. वर्षअखेर विद्यापीठाच्या मुख्य परिसरात किंवा लातूरच्या उपकेंद्रात या वह्या एकत्र मांडल्या, तर 'इजा प्रतिबंध' हा शब्द शीर्षकात ठेवायचा की काढायचा, हे त्या रकान्यांवरून ठरवता येईल.